सासू दाराआडून ऐकते

मावशीचं वय होतं अडतीस आणि तिला मावशी म्हणणाऱ्या मोठ्या सरांचं चोपन्न. यात सरांना काही वावगं वाटत नव्हतं आणि मावशीलाही नाही. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासायला लागलं की बाई पहिल्याच दिवशी सगळ्या जगाची मावशी होते, मग ती केवढीही असो. ही अठराव्या वर्षी झाली होती. त्यामुळे टीव्ही मालिकेच्या लेखकांच्या खोलीत ‘प्रशिक्षणार्थी लेखिका’ म्हणून तिला खुर्ची मिळाली, तेव्हाही सगळे आपोआप तिला मावशीच म्हणायला लागले.

ती तिथे पोचली कशी, हे आधी सांगायला हवं. तुमच्या मालिकांमध्ये गरीब माणूस दिसतो तो फक्त हातात ट्रे घेऊन, अशी चॅनेलवर कुणीतरी जाहीर टीका केली होती. चॅनेलला ती झोंबली. मग त्यांनी एक योजना काढली. ज्यांना या क्षेत्रात कुणी दारातही उभं करत नाही, अशा वस्तीतलं एक माणूस निवडायचं, तीन महिने लेखकांबरोबर बसवायचं, शिकवायचं, आणि जमलं तर कायमचं ठेवून घ्यायचं. ‘जमलं तर’ हे शब्द पत्रकात सगळ्यात बारीक अक्षरांत होते. योजनेवर एक ताई नेमल्या. मनाने अगदी चांगल्या, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या. सवयी फक्त दोन. दर दोन वाक्यांत एकदा ‘सक्षमीकरण’ म्हणायचं आणि दिसेल त्याचा फोटो काढायचा.

अर्जात एक रकाना होता : आपल्या व्यथा दोनशे शब्दांत लिहा. मावशीने लिहिलं, ‘कंबर. वाकून पुसलं की जास्त.’ उरलेले एकशे पंच्याण्णव शब्द तिने योजनेला परत केले.

मुलाखतीत ताईंनी विचारलं, “मालिका बघता का?”

“बघत नाही. ऐकते.”

“म्हणजे?”

“चार घरची कामं आहेत ना माझी. पहिल्या घरी भांडी घासताना सुरुवात ऐकू येते. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत मधलं थोडं निसटतं. तिथे केर काढताना भांडण ऐकते. शेवटाला मी नेमकी बसस्टॉपवर असते. मग शेवट मीच लावते.”

“आणि?”

“आणि नळावरच्या बायकांना सांगते. त्यांना माझाच खरा वाटतो. मागे नायिकेने नवऱ्याला माफ केलं, तर नळावर किती गलका! म्हणे टीव्हीवाल्यांनी चुकीचं दाखवलं.”

ताईंनी टाळी वाजवली, फोटो काढला आणि मावशीची निवड झाली.

आता चार घरांचं काय करायचं? कामवालीला तीन महिन्यांची रजा देणारं घर अजून बांधलेलं नाही. मावशीने आपल्या धाकट्या जावेला गाठलं. “तीन महिनेच हं,” ती म्हणाली. “हो हो, तीन महिनेच,” जाऊ म्हणाली. आणि पंधराव्या दिवशी तीच जाऊ तिच्या उंबऱ्यात येऊन म्हणाली, “जाऊबाई, एक सांगू? राग नका मानू. तिसऱ्या घरच्या बाई म्हणतात, मीच बरी. मी काम करताना आपल्या मनाशी बडबडत नाही. आता मी काही ती घरं सोडायची नाही बाई.” मावशी मनाशी बडबडायची हे खरं होतं. शेवट काय हवेतून येतात का, ते रचावे लागतात. पण हे जावेला सांगून काय उपयोग? मागचं दार बंद झालं होतं. नवऱ्याचं वर्कशॉपमधलं काम आज होतं तर उद्या नव्हतं, दोन पोरं शाळेत होती, आणि ही तीन महिन्यांच्या खुर्चीवर बसली होती. टिकली तर टिकली.

आणि खरं सांगायचं तर पोटापाण्याच्या वरतीही एक गोष्ट होती. त्या खोलीत गोष्टी तयार व्हायच्या, आणि मावशीला त्या तयार करायच्या होत्या. इतक्या जिवापाड तिने आजवर स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मधोमध लांब टेबल, त्यावर कपांच्या तळांची गोल गोल चित्रं. कोपऱ्यात एक पाण्याचा जार, तो नेहमी रिकामा. बाजूला काचेच्या दाराची सरांची केबिन. आणि दारासमोर ती भिंत. अख्खी मालिका त्या भिंतीवर राहायची. एका प्रसंगाचं एक कार्ड, चिकटपट्टीने लावलेलं. एका ओळीत नऊ कार्डं म्हणजे एक आठवडा, अशा बारा ओळी. प्रत्येक पात्राचा रंग वेगळा : नायिका गुलाबी, नायक निळा, सासू पिवळी, कामवाली हिरवी. सगळी मिळून एकशे आठ कार्डं. त्यांच्यावर आकडे नव्हते. “आकडे कारकून घालतात,” असं मोठे सर म्हणायचे. “मला गोष्ट पाठ असते.”

मोठ्या सरांनी आजवर अकरा मालिका लिहिल्या होत्या. नीट बघितलं तर एकच मालिका अकरा वेळा लिहिली होती, पण असं नीट कोण बघतं? त्यांच्या हाताखाली दोघं होते. एक दाढीवाला, तो संवाद लिहायचा. एक चष्मेवाली, ती दाढीवाल्याचे संवाद दुरुस्त करायची. तिघंही बोलायला गोड होते. मावशीला कुणी कधी तुटकपणे बोललं नाही. कधी काही विचारलंही नाही म्हणा, दिवसातून एक प्रश्न सोडला तर. तो प्रश्न साधारण दुपारच्या चहानंतर यायचा.

“मावशी, अशा वेळी गरीब लोक काय म्हणतात?” मोठे सर विचारायचे.

“कशा वेळी?”

“समजा, मालक वारले. कामवाली बाईसाहेबांजवळ येते. काय म्हणेल?”

मावशी विचार करून म्हणायची, “अजून पाहुणे येणार असतील तर कप घासून ठेवू का, असं म्हणेल.”

“वा! अस्सल!” सर म्हणायचे आणि दाढीवाल्याला सांगायचे, “लिही. बाईसाहेब, धीर धरा.”

असे दोन महिने आणि तीन आठवडे गेले. मावशीने वहीत पानंच्या पानं लिहिली होती. ती तिने एकदा सरांना दाखवली, तेव्हा सरांनी वही हातात घेऊन तिचं वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “छान. लिहीत राहा.” वही उघडायची मात्र राहिली. ताई आठवड्यातून दोनदा यायच्या, मावशीला भिंतीसमोर उभं करायच्या, हातात पेन द्यायच्या, “हसा!” म्हणायच्या आणि फोटो काढून जायच्या.

बाकी खोलीतलं सगळं मावशीला दोन आठवड्यांतच कळलं होतं. दाढीवाला फोनवर कुणाची समजूत काढतो, चष्मेवाली गुपचूप दुसरीकडे नोकरी शोधते, सर दर सोमवारी सकाळी केस काळे करतात. यातलं काहीही तिने खोदून काढलं नव्हतं. लोक तिच्यासमोर बोलायचे आणि तिला कान होते, एवढंच.

शेवटच्या आठवड्यात चॅनेलच्या मॅडम येणार असं ठरलं. पुढच्या तीन महिन्यांची गोष्ट ऐकायची, भिंत बघायची आणि मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची ते सांगायचं, असा त्यांचा बेत. आदल्या दिवशी संध्याकाळी घरी निघताना मोठे सर सगळ्यांना म्हणाले, “उद्या अकराला मॅडम येतील. खोली जरा नीट दिसली पाहिजे.”

दाढीवाल्याला कळलं की चिप्सची पाकिटं टेबलाखालून काढायची. चष्मेवालीला कळलं की आपलं जाकीट खुर्चीवरून उचलायचं. मावशीला जे कळलं ते वीस वर्षं मोठमोठ्या घरांत पाहुण्यांच्या आदल्या दिवशी कळत आलं होतं. पाहुणे दारातून आत आले की पहिली नजर समोरच्या भिंतीवर जाते.

ती सकाळी आठला येऊन हजर झाली. बादली, फडकं आणि साबणाची पूड घरूनच आणली होती. समोरची भिंत म्हणजे काय वर्णावी? बोटांचे डाग, जुन्या चिकटपट्टीचे पापुद्रे, कोपऱ्यात जळमटं, आणि एका ठिकाणी चहा उडालेला. असल्या भिंतीवर कुणी आपली गोष्ट लावतं का? मावशीने कंबर कसली. तशी कामात ती काही अडाणी नव्हती. जिथून जे उचललं ते तिथेच परत ठेवायचं, हा तिच्या कामाचा पहिला नियम. म्हणून तिने एकेक ओळ काढली, ओळीचा एकेक गठ्ठा केला आणि बारा गठ्ठे टेबलावर क्रमाने मांडले. मग भिंत वरून खालपर्यंत घासली, पुसली, परत स्वच्छ पाण्याने पुसली. भिंत अशी उजळली की मावशीलाच समाधान वाटलं. आणि मग ओली भिंत लवकर वाळावी म्हणून तिने, प्रत्येक घरी करायची तसंच, पंखा पाचावर लावला.

एकशे आठ कार्डं एका क्षणात उडाली. काही पंख्यापर्यंत जाऊन परत आली. दोन बादलीत पडली.

मावशी बटणाकडे धावली. पंखा बंद करून ती जमिनीवर बसली आणि कार्डं गोळा करायला लागली. आकडे नाहीत, तारखा नाहीत. ‘नायिका रडते’ आधी की ‘नायिका रडू आवरते’ आधी, हे देवालाच ठाऊक. तास गेला. साडेनऊला तिने ठरवलं की निदान भिंत भुंडी दिसायला नको. तिने रंगाला रंग लावला. गुलाबी एकीकडे, निळी एकीकडे, पिवळी एकीकडे, हिरवी एकीकडे. अगदी ओळीत, कोपऱ्याला कोपरा जुळवून. दिसायला तर फारच सुरेख दिसत होतं.

आणि लावता लावता ती पहिल्यांदाच सगळी कार्डं सलग वाचत होती. गुलाबी बावन्न. त्यांत नायिका रडते, रडू आवरते, रडू आवरत नाही, आणि एकदा जिन्यात रडते. निळी छत्तीस. त्यांतल्या एकवीस कार्डांवर ‘नायक ऑफिसातून येतो’. पिवळी सतरा. सतराच्या सतरा कार्डांवर एकच वाक्य : ‘सासू दाराआडून ऐकते.’ आणि हिरवी तीन. ‘कामवाली चहा आणते.’ ‘कामवाली चहा आणते.’ ‘कामवाली घाबरते.’

दहाला मोठे सर आले. दारातच थांबले. एक क्षण त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्या मजल्यावर आलो.

“हे कुणी केलं?”

“मी,” मावशी म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही, बादली तिच्या हातात होती. “भिंत फार मळली होती, सर.”

सरांनी आधी छातीला हात लावला, मग डोक्याला, मग खुर्चीला. “तीन महिने,” ते म्हणाले. “तीन महिन्यांची गोष्ट! तुम्ही ती... ती... घासली!”

“पण सर, तुम्हाला तर पाठ आहे,” चष्मेवाली आत येत म्हणाली.

सर भिंतीजवळ गेले. त्यांनी एक पिवळं कार्ड हातात घेतलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग दुसरं घेतलं. “हे सातव्या आठवड्यातलं,” ते म्हणाले. “किंवा दुसऱ्या.”

“कुणाकडे भिंतीचा फोटो असेल,” दाढीवाल्याच्या डोक्यात आलं. “ताईंकडे! त्या तर सारख्या काढतात.”

ताईंना फोन गेला. त्या खालच्याच मजल्यावर होत्या, धावत वर आल्या. त्यांच्याकडे भिंतीचे चाळीस फोटो होते. चाळीसही फोटोंत भिंतीच्या बरोबर मधोमध मावशी उभी होती, हातात पेन, चेहऱ्यावर हसू. डाव्या कानाशेजारी अर्धं गुलाबी कार्ड आणि कोपरापाशी एका निळ्याचं टोक. सक्षमीकरणाने अख्खी मालिका झाकून टाकली होती.

“तुम्ही एवढ्या रुंद का उभ्या राहिलात?” दाढीवाला कळवळून म्हणाला.

“ताईंनीच सांगितलं, हात पसरून उभ्या राहा म्हणून.”

एवढ्यात दारावर टकटक झाली. मॅडम अर्धा तास आधीच आल्या होत्या. लोकांना तयारी करायला वेळ मिळू नये म्हणून त्या नेहमीच अर्धा तास आधी यायच्या. आल्या त्या सरळ भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खोलीत सगळ्यांची पाचावर धारण बसली. मॅडमनी पिवळ्या रांगेवर बोट ठेवलं आणि वरून खाली मोठ्याने वाचायला लागल्या.

“सासू दाराआडून ऐकते. सासू दाराआडून ऐकते. सासू दाराआडून...” सतरावं वाचून त्या वळल्या. “ही काय ऐकते?”

“रहस्य,” मोठे सर म्हणाले.

“कोणतं?”

“ते हळूहळू उलगडत जाईल, मॅडम.”

“तुमच्यासमोर तरी उलगडलंय का?”

सरांनी घसा खाकरला. “मॅडम, खरं म्हणजे ही मांडणी आमची नाहीच. ही योजनेतली बाई आहे ना, तिने आज सकाळी भिंत पुसताना सगळा घोळ घातला. चांगली आहे बिचारी, पण हे क्षेत्र तिचं नाही. शुक्रवारी संपतंय तिचं. आम्ही ठेवणार नाही आहोत.”

मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. शुक्रवार म्हणजे परवा. घरं जावेकडे, वही न उघडलेली, आणि ही बातमी तिला अशी मिळाली. हातात फडकं धरून. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिला रागच आला. स्वतःचा नाही आणि सरांचाही फारसा नाही. तिला त्या पिवळ्या कार्डांचा राग आला.

“सासू दाराआड कशाला जाईल?” ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. खुर्ची बोलली असती तरी इतक्या झपकन माना वळल्या नसत्या.

“काय म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

“दाराआडून अर्धंच ऐकू येतं, मॅडम. आणि पाय दुखतात. सासू आहे ती, तिचं घर आहे, ती सरळ आत येऊन बसेल. घरातलं सगळं ऐकते ती कामवाली. आणि तिला दार लागत नाही. ती खोलीतच असते. तिच्यासमोर कुणी बोलायचं थांबतच नाही.”

“मावशी, नंतर बोलू,” सर म्हणाले.

“आता हेच बघा ना,” मावशी मॅडमना म्हणाली. “शुक्रवारी माझं संपतंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं. मी इथेच तर उभी आहे. सर वाईट नाहीत हो. त्यांना मी दिसलेच नाही. या खोलीतलं मला आणखी काय काय कळलंय, सांगू?”

“नको!” दाढीवाला आणि चष्मेवाली एकदमच ओरडले. मोठ्या सरांचा हात नकळत केसांकडे गेला.

मॅडमनी एक खुर्ची ओढली आणि बसल्या. “या खोलीतलं राहू दे. त्या घरातलं सांगा. काय कळलंय तिला?”

आता आली पंचाईत. मावशीकडे गोष्ट तयार नव्हती. पण समोर कार्डं होती, नीट, रंगाप्रमाणे लावलेली, आणि सुरुवातीचे आणि मधले तुकडे मिळाले की शेवट लावायचा, हे तर ती वीस वर्षं करत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि निळ्या रांगेपाशी गेली.

“हा नायक एकवीस वेळा ऑफिसातून येतो,” ती म्हणाली. “पण एकदाही ऑफिसात जाताना किंवा ऑफिसात बसलेला दिसत नाही. का? त्याला ऑफिसच नाही. नोकरी गेलीय त्याची.”

“अरे!” चष्मेवाली म्हणाली.

“घरात कुणाला माहीत नाही. पण त्याचे कपडे कोण धुतं? टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या बाह्या मळतात. याच्या बाह्या स्वच्छ, आणि पाठीला गवत. हा दिवसभर बागेत जाऊन पडतो. त्याचा डबा कोण घासतं? पोळी सगळी संपलेली असते, पण डब्याला चिमण्यांची पिसं चिकटलेली.”

“आणि ही?” मॅडमनी गुलाबी रांगेकडे बोट केलं. “ही बावन्न वेळा का रडते?”

“तिला माहीत आहे. बायकोला कळत नाही असं होतं का? ती वाट बघतेय, हा आज सांगेल, उद्या सांगेल. तो सांगत नाही म्हणून रडते. आणि रडते कुठे, कामवालीसमोर. कारण कामवालीसमोर रडलेलं मोजत नाहीत. म्हणजे नवऱ्याचं गुपित हिला ठाऊक, बायकोचंही हिलाच ठाऊक, दोघं एकमेकांना फसवतायत आणि हिने तोंड उघडलं तर काम जाईल. आता ही काय करणार?”

“काय करणार?” दाढीवाल्याने विचारलं. तो केव्हाचा लिहून घेत होता.

“त्याचं मी अजून ठरवलेलं नाही. बारा आठवडे आहेत ना?”

मॅडम हसल्या. आजवर त्या इमारतीत त्यांना कुणी हसताना बघितलं नव्हतं, त्यामुळे ताईंनी चटकन फोटो काढला. मग मॅडमनी विचारलं, “आणि सासू? ती सतरा वेळा दाराआड उभी राहिली त्याचं काय करायचं?”

मावशी पिवळ्या रांगेकडे वळली. “सतरा वेळा ऐकूनही तिने काही केलं नाही, मॅडम. म्हणजे तिला ऐकू येत नसणार. कुणाला सांगायची लाज वाटते म्हणून उभी राहते बिचारी.”

मोठे सर आतापर्यंत मान खाली घालून बसले होते. हे ऐकून त्यांनी वर बघितलं. अकरा मालिकांमध्ये त्यांनी कमीत कमी दोनशे सासवा दाराआड उभ्या केल्या होत्या, आणि एकीलाही ऐकू येत नाही हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी दुःख दिसलं आणि मग, माणूस मुळात लेखक होता म्हणून, हावही दिसली. “हे फार चांगलं आहे,” ते हळूच म्हणाले. “हे मला का नाही सुचलं?”

“तुम्ही कधी वही उघडली नाहीत,” मावशी म्हणाली. टोमणा म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं.

मॅडम उठल्या. “मालिका चालू राहील. आणि या बाई इथेच राहणार. सर, जरा तुमच्या केबिनमध्ये चला, काय आणि कसं ते ठरवू.” दोघं केबिनमध्ये गेले आणि काचेचं दार लोटलं गेलं.

मावशी खुर्चीत बसली. चष्मेवालीने तिला पाणी देऊ केलं, पण जार रिकामाच होता. दाढीवाला म्हणाला, “मावशी, त्या फोनबद्दल... कुणाला बोलू नका हं.” मावशीने मान हलवली. तिच्या मनात एकच चाललं होतं. राहणार म्हणजे किती दिवस? शुक्रवारपर्यंत, महिनाभर, की कायमची? ‘जमलं तर’ म्हणजे जमलं का? बसून राहवेना, तेव्हा तिला आठवलं की सकाळी कार्डं लावून झाल्यावर सरांची केबिन पुसून आपण साबणाची पूड तिथेच ठेवली आहे. ती उठली आणि वीस वर्षं कुठल्याही खोलीत जायची तशी, न विचारता, दार ढकलून आत गेली.

आत मोठे सर काहीतरी सांगत होते. तिला बघून ते वाक्याच्या मध्येच थांबले. मॅडमनी काही म्हणायला तोंड उघडलं होतं, त्यांनीही ते मिटलं. दोघं तिच्याकडे बघत राहिले. मावशी दारातच खिळली. मागे काही राहिलंय का, कुणी आलंय का, म्हणून तिने वळूनही बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“जरा बाहेर थांबता का?” मोठे सर म्हणाले, आणि आजवर कधी न दिसलेला संकोच त्यांच्या आवाजात होता. “आम्ही तुमच्याबद्दलच बोलतोय.”

ती बाहेर आली. दार तिच्यामागे नीट लावून घेतलं गेलं, खिट्टीचा आवाजही आला. पाय जरा उचला, खुर्ची जरा सरकवा, असं तिने लोकांना हजारदा म्हटलं होतं. तिला मात्र बोलणं चाललंय म्हणून बाहेर थांबायला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

ताई धावत आल्या. “काय झालं? काय म्हणाले?”

“बाहेर थांबा म्हणाले.”

“बाहेर काढलं तुम्हाला?” ताईंचा चेहरा उतरला. “हा अपमान आहे! मी अहवालात लिहिणार. मी आताच आत जाऊन...”

मावशीने त्यांचा हात घट्ट धरला. ती रडत होती आणि हसतही होती, आणि शब्द काही धड फुटत नव्हते.

“अपमान कसला, ताई! मला बघून गप्प झाले हो दोघं!”